निकांद्रोच्या दगडातली मधमाशी

पाऊस आला तेव्हा हेर्लिंदाच्या हातात घासलेल्या अंबराचं तबक होतं आणि डोक्यावर काहीच नव्हतं. चौकात पळून जायला जागा एकच — चायोमावशीच्या पोसोलच्या टपरीचं पत्र्याचं छप्पर. तिने तबक शालीत गुंडाळलं, धावत तिथे शिरली, हुश्श केलं... आणि मागून एक चिखलाचा पुतळा येऊन तिच्यावर आदळला.

पुतळा बोलला, म्हणून कळलं की माणूस आहे. भुवयांपासून बुटांपर्यंत पिवळा चिखल, आणि त्यात हसणारे दोन डोळे.

"माफ करा हं. दिसलं नाही."

"भर दिवसा?"

"दिवस तुमच्याकडे होता. मी सकाळपासून बोगद्यात होतो."

चायोमावशीने न विचारताच त्याच्यापुढे मक्याच्या गार पोसोलची वाटी ठेवली. "हा निकांद्रो," ती हेर्लिंदाला म्हणाली, "वरच्या वस्तीवरचा. आणि निकांद्रो, ही एलियास मास्तरांची हेर्लिंदा. जरा लांब उभा राहा, तिची शाल धुतलेली आहे."

"माहीत आहे की," तो म्हणाला. काय माहीत आहे — शाल धुतलेली आहे ते, की ती मास्तरांची मुलगी आहे ते — हे मात्र त्याने सांगितलं नाही. खिशातून लिंबाएवढा एक काळा, खडबडीत दगड काढून त्याने तिच्यापुढे धरला. "तुमच्याच दुकानाकडे निघालो होतो. घ्याल का?"

आमच्या सिमोहोवेलच्या डोंगरांत कोण जाणे केव्हाच्या झाडांचा चीक दगड होऊन पडला आहे. त्यालाच अंबर म्हणायचं. त्या चिकात सापडलेल्या माश्या, मुंग्या, वाळवी, सगळी जशी सापडली तशीच अजून आत बसलेली आहेत. पुरुष डोंगर पोखरून दगड बाहेर आणतात, पण वरच्या काळ्या सालीमुळे आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. घासणाऱ्याने कानशीने एका बाजूची साल काढायची, त्यातून आत बघायचं. त्याला आम्ही खिडकी उघडणं म्हणतो, आणि हेर्लिंदाइतकी सुबक खिडकी उघडणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं, हीच काय ती अडचण.

तिने दगड उलटसुलट करून पाहिला आणि नाक मुरडलं. "प्लास्टिक असेल."

"काय?"

"हल्ली लोक प्लास्टिक वितळवून, वर माती थापून आणतात. मावशी, भांडंभर पाणी द्या. आणि मीठ."

"अगं, ते मीठ पोसोलसाठी आहे," चायोमावशी ओरडली, "दगड तपासायला नाही!"

तोवर हेर्लिंदाने मूठभर मीठ पाण्यात कालवलंसुद्धा. दगड सोडला. तो खाली गेला, घुटमळला, आणि हळूच वर येऊन तरंगू लागला. खरं अंबर खाऱ्या पाण्यात तरंगतं.

निकांद्रोने दगडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आता माझी परीक्षा घेणार का? आधीच सांगतो, मला पोहता येत नाही."

"खरा असाल तर तरंगाल," ती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिचेच कान गरम झाले. पाऊस थांबला होता. थांबला होता हे दोघांच्याही लक्षात आलं नाही, चायोमावशीच्या आलं.

त्यानंतर निकांद्रो दर रविवारी दुकानात यायचा. आठवडाभर तो चुलतभाऊ फिदेन्सिओबरोबर घरच्या मोठ्या बोगद्यात खणायचा. तिथला माल घाऊक व्यापाऱ्याकडे जायचा. पण त्याच्या वडिलांनी मागे ठेवलेलं एक जुनं, अरुंद बीळ होतं, तिथे तो सवड काढून एकटाच टुकटुक करायचा, आणि त्यातून जो एखादा दगड हाती लागे तो हेर्लिंदासाठी. दुकानात खिडकीशी दोन स्टुलं. ती कानस चालवायची, तो समोर बसायचा, आणि साल निघायच्या आधी दोघांनी ओळखायचं — आत काय? जो हरेल त्याने एक खरी गोष्ट सांगायची, असा त्याचा नियम.

पहिल्या रविवारी तो म्हणाला मुंगी. ती म्हणाली काहीच नाही. निघाली वाळवी.

"दोघेही हरलो," निकांद्रो म्हणाला. "आता दोघांनी खरं बोलायचं."

"आधी तुम्ही."

"त्या दिवशी चौकात तुम्ही मला दिसला होतात. मुद्दामच धडकलो."

कानस थांबली. मग पुन्हा चालू लागली, जरा जास्तच जोरात.

"आता तुमची पाळी," तो म्हणाला.

"माझी शाल... धुतलेली नव्हती."

आतल्या खोलीत एलियास मास्तर खोकले. मास्तरांना खोकला नव्हता. दोघंही खाली बघून हसली आणि त्या दिवसापासून एकमेकांना अरे-तुरे करू लागली.

असे किती रविवार गेले! अंबर घासताना एक गोडसर, धुपासारखा वास सुटतो, बोटांवर मधाच्या रंगाची पूड बसते. निकांद्रो म्हणायचा, "तुझे हात बघून भूक लागते." ती म्हणायची, "मग मावशीकडे जा." तो म्हणायचा, "मावशीचे हात तसे नाहीत." तो हरला की सांगायचा — मला अंधाराची भीती वाटते, पण फिदेन्सिओला सांगू नकोस. ती हरली की सांगायची — मला गाता येत नाही, तरी मी गाते. छोटी-छोटी खरी वाक्यं. त्यातलं मोठं वाक्य मात्र दोघांच्याही ओठांशी येऊन परत जायचं.

शेवटी त्यानेच धीर केला. संत आंतोनिओची जत्रा जवळ आली होती. दुकानात त्या दिवशी गर्दी होती — कानातलं दुरुस्त करायला आलेली चायोमावशी, दोन-तीन खाणकरी. आणि या माणसाने सगळ्यांदेखत विचारलं, "हेर्लिंदा, जत्रेत माझ्याबरोबर नाचशील?"

आमच्याकडे जत्रेतला नाच म्हणजे नुसता नाच नसतो. त्यानंतर मुलाकडची माणसं चॉकलेट, पाव आणि दारूची बाटली घेऊन मुलीच्या दारात येतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हेर्लिंदाच्या मनात होकार तयारच होता. कितीतरी दिवसांपासून तयार होता. पण खाणकऱ्यांपैकी एकाने शीळ घातली, दुसरा खिदळला, आणि नाकावर माशी बसू न देणारी ही मुलगी ताठ झाली.

"नाचेन की," ती म्हणाली. "तुझ्या त्या बिळातून मधमाशी निघेल त्या दिवशी."

हसण्याचा एकच फवारा उडाला. अंबरात मधमाशी म्हणजे नशिबाची गोष्ट, आणि निकांद्रोच्या बिळातून तर चिलटं आणि वाळवीपलीकडे कधी काही निघालं नव्हतं. निकांद्रोही हसला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "ठरलं!"

ती माणसं गेल्यावर चायोमावशी तेवढी मागे राहिली. "पोरी, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"गंमत केली मावशी."

"त्याने गंमत म्हणून घेतली नाही. तो खणायला गेला."

आणि खरंच, तो खणायला गेला. दर रविवारी दगड येऊ लागले, कधी दोन, कधी तीन. आता कानस चालवताना हेर्लिंदाच्याच छातीत धडधडायचं. माशी. मुंगी. पानाचा तुकडा. एका कोळ्याचे पाय, कोळी नाहीच. पुन्हा माशी — पण साधी. ती दिव्यापुढे दगड धरून मनात म्हणायची, निघ गं बाई, एकदाची निघ! आणि निकांद्रो तिच्या चेहऱ्याकडे बघून उगाच धीर द्यायचा, "निघेल, निघेल. अजून डोंगर संपला नाही."

"अट मागे घे," चायोमावशी म्हणायची.

"मी? मीच घालायची आणि मीच मागे घ्यायची? गाव काय म्हणेल?"

"गावाला नाचायचं आहे का त्याच्याबरोबर?"

हेर्लिंदा कानस उचलून पुन्हा घासायला लागायची. उत्तर नव्हतं म्हणून नाही, उत्तर आवडत नव्हतं म्हणून.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात एलियास मास्तर माल घेऊन परगावी गेले. निकांद्रोचा एक दगड दुकानात तसाच पडला होता — रविवारी उघडू, असं ठरलेला. दुपारची वेळ. हेर्लिंदा स्वयंपाकघरात भांडी आवरत होती आणि खिडकीच्या फळीवर तिला एक मधमाशी दिसली. आमच्याकडची बारीक, न डसणारी मधमाशी. मरून पडलेली. पंख मिटलेले, पाय पोटाशी घेतलेले.

ती बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली.

मग तिने दुकानाचं दार लावून घेतलं. दगडाला एक जुनी चीर होती, तिथे पातं घालून तो उकलला. आत काहीच नव्हतं. तिने मधोमध नखाएवढी जागा कोरली. चर्चमध्ये जाळतात तो कोपालचा डिंक मंद आचेवर वितळवला, माशी अलगद आत ठेवली, वर डिंक ओतला, दोन्ही तुकडे जुळवून दाबून धरले. गार झाल्यावर चिरेवर काळी पूड चोळली. काम असं उतरलं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. मास्तरांनी याच गोष्टीसाठी सख्ख्या पुतण्याला दुकानातून काढलं होतं. खोटा दगड करणाऱ्याचा हात माझ्या घासायच्या चाकाला लागणार नाही, असं ते म्हणाले होते. पण तो विकण्यासाठी करायचा, हेर्लिंदाने स्वतःला समजावलं, मी कुठे विकतेय? मी तर फक्त... आणि पुढचा शब्द तिने एकटीतसुद्धा उच्चारला नाही.

रविवारी सगळ्यांसमोर तिने खिडकी उघडली. साल गेली, पिवळा उजेड आत शिरला, आणि निकांद्रो स्टुलावरून उठूनच उभा राहिला.

"मधमाशी," तो म्हणाला. मग ओरडला, "मधमाशी! मावशी, मधमाशी!"

परगावाहून परतलेल्या मास्तरांनी भिंग लावून पाहिलं. "पंख फारच शाबूत आहेत," एवढंच म्हणाले. पण लेकीच्या हातावर संशय घ्यायची त्या बापाला सवय नव्हती. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि निकांद्रोची पाठ थोपटली.

जत्रेत लाकडी पट्ट्यांचा मारिंबा वाजत होता. संध्याकाळचं ऊन, कागदी पताका, भाजलेल्या कणसांचा धूर. निकांद्रोने धुतलेला पांढरा सदरा घातला होता, आणि मधमाशीचा तो दगड दोऱ्यात ओवून गळ्यात. तो तिला घेऊन नाचत होता आणि तिला वाटत होतं, चूक तर चूक, पण किती गोड झाली!

"तुला एक सांगू?" तो तिच्या कानाशी म्हणाला. "हरलो नाही तरी खरं सांगतो."

"सांग."

"मी मोठ्या बोगद्यातली माझी जागा फिदेन्सिओला देऊन टाकतोय. बदल्यात त्याच्याकडून बिळातला त्याचा वाटा घेतोय, आणि टेकू लावायला लाकडं."

तिचं पाऊल चुकलं. "का?"

"अगं, मधमाशी एकटी येत नाही! आमचे वडील म्हणायचे. पोळं असायचं तिथे झाडं भरभरून चीक गाळायची. माशी निघाली म्हणजे मागे जाड थर असणारच. एकदा तो लागला, की मी रिकाम्या हाताने नाही येणार तुझ्या दारात. मास्तरांसमोर ताठ उभा राहीन."

दुकानात वाढलेल्या मुलीला मधमाशी म्हणजे एक दुर्मीळ किडा, एवढंच माहीत होतं. खाणकऱ्यांची ही समजूत तिने कधी ऐकली नव्हती. आता ऐकली.  सांग, आत्ता सांग, असं तिचं मन ओरडत होतं. "निकांद्रो..." ती म्हणाली.

"हं?"

तो इतका आनंदात होता! केस ओले, कपाळावर घाम, डोळ्यांत तीच. त्यात चौकात सगळा गाव. थोडंसं थांबू, ती मनाशी म्हणाली. उद्या सांगू.

"काही नाही," ती म्हणाली.

आणि तो उद्या काही आला नाही. बाई गं, एक वाक्य तर होतं!

अदलाबदल झाली. पावसाळा चढत गेला तसा फिदेन्सिओला मोठ्या बोगद्यात लाल अंबराचा थर लागला. असा थर की त्याने घरावर नवं छप्पर घातलं आणि बायकोला शिलाई मशीन आणलं. लोक निकांद्रोला म्हणाले, "अरे, थोडा थांबला असतास!" तो हसून गळ्यातला दगड दाखवायचा. "मला माझी मधमाशी मिळालीय."

बिळातून काहीच निघत नव्हतं. आधी निघायची ती वाळवीही निघेना. रविवारी तो येईनासा झाला, कारण हातात दगड नसायचा. एकदा हेर्लिंदाने त्याला चौकात गाठलं. गालफडं बसली होती, नखं फुटली होती.

"दगडाशिवाय आलास म्हणून दुकान काही तुला हाकलून देणार नाही," ती म्हणाली.

"दुकान नाही गं हाकलणार. मलाच लाज वाटते."

"मग सोड ना ते बीळ. निकांद्रो, माझं ऐक, सोड."

"तूच म्हणतेस सोड? तुझ्याच हाताने खिडकी उघडलीस ना? तुझ्यावर विश्वास आहे म्हणून तर खणतोय."

 आपल्याच शब्दापायी आपण अडकलो, आणि सुटण्यासाठी केलं त्यात तो अडकला, हे तिला दिवसरात्र कळत होतं. तरी महिना गेला. मास्तर काय म्हणतील, गाव काय म्हणेल, आणि सगळ्यांत मोठं — तो काय म्हणेल? खोटं उघडं पडण्याच्या भीतीने ती त्याला तिथे खणू देत होती. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, अगदी खरं होतं, आणि तरीही खणू देत होती.

मग एक दिवस चायोमावशी पोसोल ढवळता ढवळता म्हणाली, "फिदेन्सिओ सांगत होता, बिळात पाणी पाझरतंय. टेकू वाकलेत. निकांद्रो ऐकत नाही. म्हणतो अजून थोडंच राहिलंय."

हेर्लिंदा तशीच उठली. चपला बदलल्या नाहीत, बापाला सांगितलं नाही. भर उन्हात डोंगर चढून बिळाच्या तोंडाशी आली आणि वाकून ओरडली, "निकांद्रो! बाहेर ये!"

आतून ठोकण्याचा आवाज थांबला. तो सरपटत बाहेर आला. पुन्हा भुवयांपर्यंत चिखल. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तिला वाटलं, याहून याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"तू इथे? काय झालं? मास्तर बरे आहेत ना?"

"ती माशी मी ठेवली."

"कुठे ठेवली?"

"दगडात. स्वयंपाकघराच्या खिडकीत मरून पडली होती. मी तुझा दगड उकलला, कोरला, ती आत ठेवली आणि वर कोपाल ओतला. आत काहीच नव्हतं, निकांद्रो. या बिळात काही नाही."

 गळ्यातला दोरा वर काढून त्याने तो दगड उन्हात धरला. पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला.

"पंख मिटलेले आहेत," तो शेवटी म्हणाला. "मला कितीदा वाटायचं... चिकात बुडताना ही एवढी शांत कशी? बाकी सगळे तडफडलेले दिसतात. मला वाटायचं, नशीबवान असेल."

"मला माफ कर."

"का केलंस?"

"तू हरू नयेस म्हणून. मला नाचायचं होतं तुझ्याबरोबर."

तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू ती परक्या मुलखातली भाषा बोलत असावी. "मग नुसतं हो म्हणायला काय लागलं असतं, लिंदा?"

"लोक होते..." ती म्हणाली, आणि ते किती लहान उत्तर आहे हे तिला बोलतानाच समजलं.

"आणि मी यामुळेच खणतोय, हे तुला कधी कळलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. तिने ती घेतली नाही. "जत्रेत. तू सांगितलंस तेव्हाच."

निकांद्रो दगडावर बसला. हातोडी बाजूला ठेवली. "जत्रेत सांगितलं असतंस तर मी हसलो असतो. खरंच सांगतो, पोट धरून हसलो असतो. गावभर सांगत सुटलो असतो — बघा रे, माझ्यासाठी एका मुलीने मधमाशी घडवली!"

"आणि आता?"

त्याने हसायचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला, तिला दिसलं. "आता बघ ना... येत नाही हसू."

ती रडली. त्याने तिला रडू दिलं. मग उठून तिला डोंगराच्या पायथ्यापर्यंत सोडलं, वाटेत निसरडं होतं तिथे हातही दिला. पण धरलेला हात सपाटीवर आल्याबरोबर सुटला.

त्याच संध्याकाळी हेर्लिंदाने मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तरांनी तिच्या हातातून कानस काढून घेतली आणि पुतण्याला लावलेला नियम लेकीलाही लावला. त्यांचे डोळे भरले होते, तरी लावला. गावालाही कळलं. ज्या गावाला ती एवढी घाबरत होती ते गाव दोन दिवस बोललं आणि मक्याच्या भावाकडे वळलं.

फिदेन्सिओ मनाचा मोठा. तो निकांद्रोकडे जाऊन म्हणाला, "तुझी जागा तुझीच आहे रे. उद्यापासून ये."

"अदलाबदल मी माझ्या तोंडाने केली," निकांद्रो म्हणाला, "माशीने नाही केली." घ्या! एक आपल्या शब्दाची पक्की, दुसरा तिच्या वरताण. अशी दोन माणसं एकमेकांना शोभली असती हो, पण त्यांच्यात कुणीतरी एकाने जरा वाकायला हवं होतं. तो वाकला नाही. किनाऱ्यावर कानकुनला मोठमोठी हॉटेलं बांधायचं काम चालू होतं, वस्तीवरची पोरं जात होती. त्याने त्यांच्यात आपलं नाव घातलं.

निघायच्या दिवशी सकाळी चौकात व्हॅन उभी होती. टपावर गाठोडी बांधणं चाललं होतं. आया पदार्थांच्या पुरचुंड्या देत होत्या, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. बाजाराचा दिवस, त्यामुळे सगळं गाव तिथे. हेर्लिंदा गर्दीतून वाट काढत आली. केस नीट बांधलेले नव्हते. निकांद्रो खिडकीशी बसला होता.

"निकांद्रो!"

आवाज जरा मोठाच लागला. बायका वळल्या. गाठोडं बांधणारा थांबला. पलीकडे एलियास मास्तर उभे होते, तेही वळले. कुणीतरी शीळ घातली. हेर्लिंदाने त्या शिळेकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"तू विचारलं होतंस," ती म्हणाली, "दुकानात, सगळ्यांदेखत. त्याचं उत्तर हो आहे. तेव्हाही हो होतं. आणि जे तू अजून विचारलं नाहीस, त्याचंही उत्तर हो आहे. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

 निकांद्रोने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिची बोटं धरली. कानस सुटल्यापासून ती बोटं मऊ पडली होती, त्यावर मधाच्या रंगाची पूड नव्हती.

"ऐकलं," तो हळूच म्हणाला.

"मग... उतर ना खाली."

 "ऐकलं, लिंदा. किती वाट पाहिली मी हे ऐकायची. पण अजून तुझ्याकडे बघितलं की मला आधी ते बीळ दिसतं, मग तू दिसतेस. हे उलटं व्हायला हवं. किती दिवस लागतील ते मला नाही सांगता येत."

"मी वाट बघेन."

"मी बघ म्हणत नाही," तो म्हणाला. "आणि नको असंही म्हणत नाही. पण अट नको, शब्द नको. तुझा नको, माझा नको."

ड्रायव्हरने पुन्हा भोंगा वाजवला. निकांद्रोने बोटं सोडली — एकेक करून सोडली, एकदम नाही. व्हॅन हलली.

हेर्लिंदाला वाटलं होतं, खरं एकदा मोठ्याने बोलून टाकलं की गाडी थांबेल. का कुणास ठाऊक, पण तिला अगदी खात्री वाटली होती. गाडी थांबली नाही. चर्चला वळसा घालून ती उताराला लागली, आवाज येत राहिला, मग तोही येईना. लोक आपापल्या कामाला लागले. चायोमावशीने टपरी तशीच सोडली, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिलेल्या तिला हाताला धरून कडेला घेतलं, आणि तिच्याबरोबर तिथेच उभी राहिली.